मार कुठं जातो

गाडी दुकानासमोर थांबली, पण उजव्या बाजूनं कोणी उतरेना. चालवणारा गिअरच्या दांडीवरून पाय टाकत डाव्या सीटवर सरकला आणि डाव्या दारानं खाली आला. उजवीकडची दोन्ही दारं चौकटीत रुतून बसली होती. रतनवाडीच्या पुढं एका ओढ्यात गाडी दगडावर टेकली होती. उतरल्या उतरल्या तो म्हणाला, ‘‘मिस्त्री, स्लायडर बघा. एवढा मोठा आवाज झाला, पण स्लायडरला काही झालं नाही.’’

खरंच काही झालं नव्हतं. काळ्या पाइपवर एक लांब ओरखडा होता, बाकी पाइप सरळ. मी पोत्यावर आडवा होऊन बॅटरी मारली. स्लायडर सहा बोल्टांनी दाराखालच्या पत्र्याला, जिथं दोन पत्र्यांची शिवण असते तिथं, बसवलेला होता. चासी तिथून वीतभर आत होती आणि तिला या सगळ्या प्रकाराचा पत्ताही नव्हता. दगडाचा मार पाइपानं घेतला आणि जसाच्या तसा पत्र्याच्या हवाली केला. पत्रा वर गेला, त्याबरोबर दाराची चौकट गेली.

स्लायडर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या चाकाच्या मागून मागच्या चाकाच्या पुढपर्यंत, दाराखालून जाणारा जाड पाइप. वरून बघितला तर पायरी वाटतो. पण त्याचं काम पाय ठेवण्याचं नाही. गाडी दगडावर बसली तर तिचं अर्धं वजन त्या पाइपावर यावं, पत्रा चेपू नये आणि गाडी दगडावरून घसरत पुढं निघून जावी, यासाठी तो असतो. हे काम त्याच्याकडून व्हायचं असेल तर त्याचे पाय चासीत रोवलेले पाहिजेत. पत्र्याला टांगलेला स्लायडर म्हणजे दरवाजाला कुलूप घालून कडी भिंतीऐवजी पडद्याला लावण्यासारखं.

आमचं दुकान संगमनेरात, अकोले रस्त्याला. मूळ धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा. वडिलांनी, म्हणजे दादांनी, सुरू केलेला. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं जिल्हाभर कारखाने उभे राहिले, तसा ट्रॉल्या बनवणाऱ्यांना आणि त्याहून जास्त दुरुस्त करणाऱ्यांना कधी कामाची वाण पडली नाही. गळीत हंगामात रात्रीच्या दोनला शटर वाजतं. ट्रॉली उसानं भरलेली, दांडी तुटलेली, ट्रॅक्टरवाला थंडीनं कुडकुडत उभा. माझं खरं शिक्षण तिथं झालं. आयटीआयचं प्रमाणपत्र नंतर आलं.

दादा ट्रॉलीची तुटलेली दांडी आली की लगेच होल्डर हातात घेत नसत. आधी तुटलं कुठं ते बघत. मला सातवी-आठवीत त्यांनी दाखवलेली गोष्ट अशी, की वेल्ड सहसा तुटत नाही, वेल्डच्या शेजारचं लोखंड तुटतं. तापून थंड झालेली ती करंगळीएवढी पट्टी असते, तिथं केसासारखी भेग पडते आणि हळूहळू चालत जाते. ती शोधायला ते रॉकेल फासायचे, थोड्या वेळानं फडक्यानं कोरडं पुसायचे आणि वर खडूची पूड टाकायचे. भेगेत शिरलेलं रॉकेल पुडीत उतरायचं आणि काळसर रेघ उमटायची. आता रॉकेल सहज मिळत नाही. त्याच कामाला लाल रंगाचे आणि पांढऱ्या पुडीचे फवारे मिळतात, महाग असतात. मी वापरतो. पण फवारताना खडूच आठवतो.

‘‘लोखंड मार खात नाही,’’ असं दादा म्हणायचे, ‘‘पुढच्याला देतं. शेवटी ज्याला पुढं कोणी नाही, ते तुटतं.’’ तेव्हा मला वाटायचं हे ट्रॉलीबद्दल बोलताहेत.

स्लायडरचं काम माझ्याकडं अपघातानं आलं. २००९ च्या सुमारास एकानं लिलावात घेतलेली लष्कराची जिप्सी आणली. नगरला लष्कराचं मोठं ठाणं, त्यामुळं आमच्याकडं असल्या गाड्यांचं वेड जुनं आहे. त्याच्याकडं परदेशी मासिकातलं एक चित्र होतं. चित्रावरून करून द्या म्हणाला. मी ट्रॉलीवाला. माझ्या डोक्यात मजबूत म्हणजे जाड. चाळीस एनबीचा सी क्लास पाइप घेतला, म्हणजे बाहेरून ४८ मिलीमीटर आणि भिंत ४ मिलीमीटरची. मीटरला सव्वाचार किलोच्या वर वजन. एका बाजूला चार पाय, वर चेकर्ड प्लेट. जोडी तयार झाली तेव्हा दोघांना मिळून उचलावी लागली. जिप्सी रिकामी असताना टनाच्या आत वजनाची गाडी, तिच्या पोटाला मी एक माणूस कायमचा बांधून दिला. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश.

चार महिन्यांनी तो परत आला. पाइप सरळ होता, पाय सरळ होते, वेल्ड शाबूत होती. पण पाय जिथं चासीला जोडले होते तिथं चासीची भिंत आत गेली होती, पत्र्याचा डबा अंगठ्यानं दाबावा तशी. मी पायाचा पाइप सरळ चासीवर टेकवून गोल वेल्ड मारली होती. सगळा मार त्या रुपयाएवढ्या जागेवर. पाइप जितका ताठ, तितका मार शिल्लक राहून पुढं गेला. हलका पाइप असता तर कदाचित तोच वाकला असता आणि चासी वाचली असती. त्या दिवशी मला दादांचं वाक्य गाडीच्या भाषेत कळलं. चूक माझी होती, पैसे मी घेतले नाहीत. चासी सरळ करून देण्यात दोन दिवस गेले.

तेव्हापासून पायाखाली प्लेट. सहा मिलीमीटरची, निदान तळहाताएवढी, कोपरे गोल केलेली. गाडीची चासी म्हणजे आडवी तुळई. ती वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या काठाला येतो. म्हणून प्लेट उभ्या भिंतीच्या मध्यात बसवायची आणि काठाला हात लावायचा नाही. वेल्ड शक्यतो चासीच्या लांबीच्या दिशेनं मारायची. तिला आडवा छेद देणारी मारली तर आपणच भेगेला वाट आखून दिली म्हणून समजावं. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. ट्रॉलीच्या चॅनलवर कितीदा तरी बघितलं होतं, फक्त गाडीखाली झोपल्यावर ते विसरलो होतो.

वेल्ड की बोल्ट, यावर माझी मतं दोनदा बदलली. सुरुवातीला बोल्टवाल्यांना मी हसायचो. मग एका जिप्सीचं काम करताना चासीच्या आतल्या अंगानं जाणारी पेट्रोलची नळी मला दिसली, पण ठिणग्या किती लांब उडतात याचा अंदाज चुकला. नळीवरच्या रबरानं पेट घेतला. पोरानं ओलं पोतं टाकलं, वाळूची बादली उपडी केली, अर्ध्या मिनिटात विझलं. ते अर्धं मिनिट मी अजून मोजतो. आता वेल्ड करायचीच असेल तर नळ्या सोडून बाजूला बांधतो, बॅटरीची केबल काढतो, नव्या गाड्यांत कॉम्प्युटरचा प्लग सोडतो, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जागेपासून वीतभर अंतरावरच लावतो. चिमटा लांब कुठंतरी लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खातो.

त्या आगीनंतर मी बोल्टाकडं वळलो आणि तिथंही एकदा तोंडावर पडलो. चासी पेटीसारखी पोकळ. तिला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला तर दोन्ही भिंती आत ओढल्या जातात. आवळताना वाटतं छान घट्ट बसला. महिन्याभरात बोल्ट सैल, कारण भिंतीच दबत गेलेल्या. पेटीच्या आत दोन भिंतींमध्ये पाइपचा तुकडा, आम्ही त्याला डिस्टन्स पीस म्हणतो, बसवून मगच आवळावा लागतो. ज्या गिऱ्हाइकाच्या गाडीत मी तो बसवला नव्हता, त्याचा स्लायडर अर्ध्या रस्त्यात खडखडायला लागला. त्यानं मला फोन केला नाही, स्वतःच पान्यानं आवळला, अजून आवळला, आणि पेटी आणखी दाबून आणली. अशा वेळी माणूस चिडून बोलला तर बरं वाटतं. तो हसून म्हणाला, ‘‘मीच जरा जास्त आवळलं वाटतं.’’

आता जिथं कंपनीनं चासीला आधीच भोकं दिली आहेत तिथं बोल्ट, बोल्ट निदान ८.८ ग्रेडचा, आणि जिथं भोक पाडल्याशिवाय जमणार नाही तिथं विचार करून वेल्ड. नवी भोकं पाडायला मी नाखूश असतो. बोल्टचा फायदा असा की गाडी विकताना स्लायडर काढून ठेवता येतो. शिवाय खालचा गंज तपासता येतो, आणि आमच्याकडं गंजाला तोटा नाही. जिल्ह्यात घाटघरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पाथर्डी-कर्जतकडं पिण्याच्या पाण्याला टँकर लागतात. पण हौशी लोक गाड्या घेऊन जातात ते पावसाकडं. बंद पाइपात पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, पाइप आतून कुजतो. म्हणून दोन्ही टोकांना खालून एकेक बारीक भोक. चेकर्ड प्लेटीखाली चिखल साठतो, त्यामुळं प्लेट लावायचीच तर मध्ये खिडक्या कापाव्या लागतात. पावडर कोटिंगचा आग्रह फार असतो. मी सांगतो, पहिल्या दगडाला ते निघणार आहे. रेड ऑक्साइड आणि वर साधा काळा रंग द्या, दर पावसाळ्यानंतर घरच्या घरी ब्रश मारता येईल. दहातले आठजण तरी पावडर कोटिंगच करून घेतात.

गोल पाइप की चौकोनी, हा वाद माझ्या दुकानात चहाबरोबर चालतो. गोल पाइप दगडावरून सरकतो, अडकत नाही. चौकोनी पाइप दाराच्या जास्त जवळ, वर चढवून बसवता येतो. म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा कमी खातो. नव्या थारची जमिनीपासूनची उंची कंपनी २२६ मिलीमीटर सांगते. लोक तेवढाच आकडा पाठ करतात. पण ती उंची सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागाची. स्लायडरच्या बाबतीत महत्त्वाचा दुसराच आकडा, उंचवट्यावरून जाताना पोट टेकू नये म्हणून लागणारा कोन. थारचा २७ अंशांचा. दोन चाकांच्या मधोमध तुम्ही दोन इंच खाली लोंबणारा पाइप लावला, की तो कोन तुम्हीच कमी करता आणि आधी जो दगड लागला नसता तो आता लागतो. मग घरी येऊन सांगता, बरं झालं स्लायडर होता.

माझा स्वतःचा कौल गोल पाइपाला, शक्य तितका वर, आणि दाराखालच्या पत्र्यापासून बोटभर अंतर ठेवून. अंतर का, हे पुष्कळांना पटत नाही. त्यांना पाइप पत्र्याला चिकटलेला सुंदर दिसतो. पण चासीवर बॉडी रबरांवर बसलेली असते, ती हलते, आणि खडबडीत जागी चासी स्वतःही पिळते. अंतर नसेल तर पाइप खालून पत्र्याला ठोसे मारत राहतो. मागचं टोक थोडं बाहेर वळवलं तर वळणावर दगड किंवा झाड मागच्या पत्र्याला लागण्याआधी गाडी बाजूला ढकलली जाते. ते वळण पूर्वी मी पाइपात वाळू ठासून, भट्टीत तापवून द्यायचो, बैलगाडीवाले लोहार करायचे तसं. आता हायड्रॉलिक बेंडर आहे. वाळूवाल्या वळणाला मात्र एकही सुरकुती पडायची नाही.

एका गोष्टीत मी हट्टी आहे. गाडी देण्याआधी फार्म जॅक लावतो. स्लायडरच्या समोर, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणतो, पाइप आणि दोरीतलं अंतर सूतात मोजतो, मग जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलतो. पावणेदोन टनांच्या आसपासची थार असेल तर आठ-नऊशे किलो एका ठिकाणी येतात. गाडी खाली घेतली की पुन्हा मोजतो. अंतर तेच राहिलं पाहिजे. गिऱ्हाईक तेव्हा श्वास धरून उभं असतं. ज्या स्लायडरवर गाडी उचलायला मालकाचं मन धजत नाही, तो दगडावर काय उचलणार? दुसऱ्याकडून बसवलेले स्लायडर कोणी दाखवायला आणतो, तेव्हा मी एवढंच विचारतो, जॅक लावू का? बहुतेक जण म्हणतात, राहू द्या.

२०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली आणि पुढच्या दोन वर्षांत माझ्या दुकानाचं रूप पालटलं. पुण्या-नाशिकची पोरं शनिवारी भंडारदऱ्याला जाताना थांबायला लागली. काही गाड्यांना चासीच नसते, सगळी बॉडी एकसंध पत्र्याची. दिसायला डोंगरावर चढेल अशी, पण स्लायडरचा पाय रोवायला खाली हक्काची जागा नाही. अशा गाड्यांना मी हात जोडतो. एकजण चिडून म्हणाला, ‘‘पैसे देतो ना?’’ प्रश्न पैशाचा नाही. पुन्हा कुणाची दारं अडकलेली मला बघायची नाहीत.

कायद्याचंही सांगायला हवं. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं गाडीपुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून मी पुढचे बार करणं बंद केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. स्लायडर रुंदीच्या बाहेर येत नाही, पायरीसारखा दिसतो, म्हणून सहसा कोणी अडवत नाही. पण अडवलं तर माझं बिल दाखवून सुटका होणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि विसरतं.

बायकोच्या माहेरचे लोक राजूरचे. तिथून आत घाटाकडं काळीपिवळी आणि पिकअप चालवणारे ड्रायव्हर मी लग्न झाल्यापासून बघतो आहे. त्यांच्या गाड्यांना ना स्लायडर, ना मोठे टायर. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी विचारलं, पोट घासत नाही का? तो म्हणाला, ‘‘दगडाला पोट दाखवायचंच कशाला? चाक घाला की त्याच्यावर.’’ त्याच्यामागे बसून गेलो तर कळलं, तो दगड चुकवत नाही, चाकाखाली घेतो. गाडी वर उचलली जाते आणि पोट सुटतं. माझे पाइपवाले गिऱ्हाईक उलट करतात. पाइप आहे म्हणून दगड पोटाखाली घेतात. मी विकलेल्या लोखंडानं किती जणांचा हात बिघडवला, हा हिशेब मांडायला गेलो तर धंदा बंद करावा लागेल.

आणि ती रतनवाडीची वाट. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. ओढ्यात, गवतात गाड्या घालायला ती मोकळी जागा नव्हे. मी कुणाला अडवू शकत नाही, पण कुठं घासली हे ऐकून घेतल्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यापायी एकदोन गिऱ्हाइकं गेली. काही जणांनी रस्ता सोडून जाणं बंद केलं, असंही कानावर आलं. खरंखोटं त्यांना माहीत.

एक कबुली द्यायची राहिली. माझ्या दुकानातून गेलेल्या निम्म्याहून जास्त स्लायडरांनी दगड बघितलेलाच नाही. त्यांच्यावर फक्त चपला पडतात. पूर्वी मला याचा राग यायचा. मग एका मुलानं आईला आणलं, सत्तरीच्या. थार उंच, बाईंना चढता येईना. ‘‘दादा, पाय ठेवायला जरा सपाट पट्टी लावून देता का?’’ असं त्यांनी मलाच विचारलं, मुलाला नाही. गोल पाइपावर ओल्या चपलेचा पाय घसरतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या दाराखाली जाळीची अर्ध्या हाताची पट्टी लावली, खाली एक जादा पाय दिला. बाई तीनदा चढल्या-उतरल्या. जॅक मात्र मी तरीही लावला.

अडकलेल्या दारांच्या गाडीचं पुढं काय झालं, ते लोक विचारतात. पत्रेकाम दुसऱ्याकडं झालं, खर्च बराच आला. नंतर चासीला नवे पाय देऊन मी स्लायडर बसवला. पाइप तोच जुना. तो चांगलाच होता.

माझ्या त्या पहिल्या, माणसाच्या वजनाच्या जोडीचीही गोष्ट आहे. जिप्सी विकताना मालकानं ती कापून काढली आणि माझ्याकडं आणून टाकली. बरीच वर्षं शेडच्या मागं भिंतीला टेकून होती, कोंबड्या तिच्यावर बसायच्या. मागच्या हंगामात रात्री एक ट्रॉली आली, मागचा आडवा पाइप फाटलेला, दुकानात त्या मापाचा माल नाही, बाजार सकाळी दहाला उघडणार आणि ट्रॅक्टरवाल्याला पहाटे कारखान्याच्या काट्यावर पोहोचायचं होतं. मुलगा म्हणाला, मागचा घेऊ का? मी हो म्हटलं. त्यानं पाय कापले, चेकर्ड प्लेट सोडवली, पाइप मापात तोडला. तीन वाजता टाके मारून झाले, चारला वेल्ड पुरी झाली, रंगाला वेळ नव्हता. ट्रॉली अजून या रस्त्यानं जाते. मागून उजेड पडला की पाइपवर दगडाचे जुने ओरखडे दिसतात.